भंगारातला संगणक आणि आजोबांचा दाखला

देशातले पहिले आधार कार्ड आपल्या खान्देशात दिले गेले. तारीख २९ सप्टेंबर २०१० आणि गाव टेंभली. शिरपूरला लागूनच असलेल्या शहादा तालुक्यातले हे गाव १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच मोडत होते. त्या दिवसापासून गोरगरिबांची सरकारदरबारची ओळख हळूहळू संगणकात जाऊन बसली. रेशन, निराधारांचे अनुदान, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, सारे काही संगणकावर. संगणक मात्र आमच्या वस्तीत आला नाही. मोबाईल आला. पण मोबाईलवर गाणे ऐकता येते, निरोप धाडता येतो. दहा कागद जोडून शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हटले की सूतगिरणीतल्या पाळीवरून दमून आलेला बाप आणि बारावीतली मुलगी दोघेही करवंद नाक्याकडे एखाद्या केंद्राच्या रांगेत उभे राहतात.

रांगेचे एवढे दुःख नाही. दुःख वेगळेच आहे. पासवर्ड तिसऱ्याच माणसाने ठरवलेला असतो आणि तो त्याच्याच वहीत लिहिलेला असतो. मोबाईलवर आलेला ओटीपी आपण त्याला मोठ्याने वाचून दाखवतो. आपल्या आधारची, बँकेच्या पासबुकाची, जातीच्या दाखल्याची प्रत त्याच्या मशीनमध्ये राहून जाते. केंद्र चालवणारे बहुतेक लोक प्रामाणिकच असतात, त्यांचेही पोट त्यावर आहे. परंतु स्वतःच्या घराची किल्ली कायम शेजाऱ्याकडे ठेवून कोणी घरमालक म्हणवून घेत नाही. आपल्या कागदांची किल्ली आपल्या हाती कशी येईल आणि तीही थोडक्या खर्चात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पेटीतला कागद

आमच्या समाजातल्या कुटुंबाला सर्वात मोलाचा कागद कोणता? घराचा उतारा? बँकेचे पुस्तक? आमच्या मते तो आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होय. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व रहिवासाचा पुरावा लागतो. त्या काळी आमची किती लेकरे शाळेत होती? ज्यांचे आजोबा चार इयत्ता शिकले त्यांच्या नशिबी शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ आहे. ज्यांचे शिकले नाहीत त्यांना गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधत फिरावे लागते.

या जुन्या कागदावर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’ असा लिहिलेला असतो, कारण धुळे हे जिल्ह्याचे नाव १९६० नंतरचे. जात ‘महार’ लिहिलेली असते, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शाळेत गेलेल्या मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’. आडनावही कधी कधी बदललेले असते. आजोबा, वडील आणि मुलगा यांना जोडणारी वंशावळ अशा तीन-चार पिवळ्या कागदांवर उभी असते. हे कागद कुठे असतात? पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाहीतर लग्नाच्या अल्बममध्ये. छप्पर गळले, वाळवी लागली, भाऊ वेगळे झाले की कागद जातो. आणि नातवाच्या प्रवेशाच्या वेळी सारे घर हवालदिल होते.

जुना कागद जपणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये पडून होते. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने चिकाटीने कागद गोळा केले, लावले, तपासले, म्हणून १४ एप्रिल १९७९ रोजी शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेचा पहिला खंड निघाला. आज त्यातले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. एकाच पेटीतला कागद नाशवंत असतो. त्याच्या अनेक प्रती झाल्या की तो टिकतो. राष्ट्राच्या कागदाला जो नियम, तोच घरच्या कागदाला.

जुने यंत्र, नवी संधी

आता संगणकाचे पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या सुधारणांची मुदतवाढ दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली अधिकृतपणे साधारण २०१८ च्या अलीकडच्या यंत्रांवरच चढते. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. यामुळे ऑफिसे, बँका आणि कॉलेजे यांच्याकडची चांगली चालणारी यंत्रे ‘जुनी’ ठरून बाहेर पडतात. काही भंगारात जातात, काही जुन्या मालाच्या दुकानात येतात. शिरपूरसारख्या अभियांत्रिकीच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजांच्या गावात तर विद्यार्थीही शिक्षण संपल्यावर लॅपटॉप विकून जातात.

यंत्र जुने झाले म्हणजे ते मेले असे नव्हे. त्यावर चालणारी प्रणाली बदलली की ते पुढची काही वर्षे सहज काम देते. ज्या १९९१ साली आपण बाबासाहेबांची जन्मशताब्दी साजरी केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी स्वतःच्या हौसेने एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर करून मोकळा झाला. तीच पुढे लिनक्स झाली. तिच्या आधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसाने असा आग्रह धरला होता की संगणकाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क असला पाहिजे. ज्ञान कुलूपबंद ठेवण्याची रीत आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून हा आग्रह आम्हाला परका वाटत नाही. केरळच्या सरकारी शाळांत आज हजारो संगणक अशाच मुक्त प्रणालीवर चालतात.

घेताना काय पाहावे?

जुने यंत्र घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. आय.टी.आय. किंवा डिप्लोमा केलेला एखादा भाचा-पुतण्या सोबत न्यावा आणि पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

प्रोसेसर इंटेलचा आय-३ किंवा आय-५, चौथ्या पिढीचा वा पुढचा असल्यास उत्तम. ३२ बिटवाले अतिजुने यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्याच्यासाठी नव्या प्रणाली आता फारशा निघत नाहीत. रॅम किमान ४ जीबी असावी, ८ असली तर सोन्याहून पिवळे.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखा हात त्यावर पुढेमागे सरकून माहिती वाचतो. यंत्र रडतखडत चालते ते बहुधा या फिरण्यामुळे. तिच्या जागी लहानशी एसएसडी बसवली, जिच्यात फिरणारा भागच नाही, की तेच यंत्र पुन्हा तरणेबांड झाल्यासारखे वाटते. जुन्या यंत्रावर पैसा खर्च करायचाच तर पहिला रुपया इथे घालावा.

मदरबोर्डवरचे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, वरून फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर सौदा मोडावा. लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचे पान उचलले गेले असेल तर त्याला हातही लावू नये. लिथियमची बॅटरी पेट घेते.

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक बटन सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की यंत्र दर वेळी तारीख विसरते. तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षेची प्रमाणपत्रे तारखेवरच तपासली जातात. ‘इंटरनेट बिघडले’ म्हणून मिस्त्रीकडे जाण्याआधी घड्याळ पाहावे. इलाज साध्या सेलचा असतो.

आपल्याकडचा मे महिना यंत्रालाही सोसत नाही. खोके उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी, पंख्याचे पाते मोकळे करावे, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी. हे सारे वीज पूर्ण काढूनच करावे. विजेच्या पेटीचे म्हणजे एसएमपीएसचे झाकण मात्र कधीही उघडू नये; वीज काढल्यावरही आत झटका बसण्याइतका भार शिल्लक राहतो.

प्रिंटर घ्यायचा असल्यास एक विचार करावा. शाईच्या टाकीचा प्रिंटर पान स्वस्तात देतो, पण आठवडेच्या आठवडे बंद राहिला तर शाई वाळून त्याची तोंडे बुजतात. लेझर प्रिंटरमध्ये कोरडी पूड असते, ती वाळत नाही. ज्या ठिकाणी छपाई फक्त प्रवेशाच्या हंगामात होते तिथे काळा-पांढरा लेझरच परवडतो.

प्रणाली कशी चढवावी?

नवख्या माणसाने लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्यावी. तिच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. ती फुकट आहे. एखाद्या चालू संगणकावर ती उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राईव्हवर रुफससारख्या प्रोग्रॅमने लिहावी. साधी कॉपी करून भागत नाही. मग जुन्या यंत्राला पेन ड्राईव्ह लावून सुरू करतानाच एफ १२ किंवा त्या कंपनीचे जे बटन असेल ते दाबावे आणि पेन ड्राईव्हवरून सुरू करण्याचा पर्याय निवडावा.

इथे एक मोठी सोय आहे. प्रणाली डिस्कवर न चढवता नुसत्या पेन ड्राईव्हवरून चालवून पाहता येते. आवाज येतो का, वाय-फाय लागते का, प्रिंटर ओळखतो का, हे सारे आधी बघून मगच ती कायमची बसवावी. बसवताना जुनी डिस्क पुसली जाते, म्हणून आधी कोणाचे काही त्यात राहिले असेल तर काढून घ्यावे.

मराठी लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इनस्क्रिप्ट हा १९९१ च्या भारतीय मानकात आलेला कळफलक त्यात आयता असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसले की बोटे चालू लागतात.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. टॅलीसारखे हिशेबाचे आणि काही परीक्षांचे प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालतात. काही प्रिंटर लिनक्सला जुमानत नाहीत. ज्याचा रोजगारच अशा प्रोग्रॅमवर आहे त्याने विंडोजचे यंत्र ठेवावे. पण अर्ज भरणे, वाचणे, लिहिणे, छापणे, कागद जपणे आणि लेकराला संगणक शिकवणे यांसाठी लिनक्स पुरून उरते.

कागदाची प्रत कशी काढावी?

पेटीतले कागद एका रविवारी बाहेर काढावे. सपाट पाटावर, खिडकीजवळच्या उजेडात, सावली न पाडता मोबाईलने किंवा स्कॅनरने प्रत घ्यावी. स्कॅनर असल्यास ३०० डीपीआय ठेवावे. पुढची बाजू, मागची बाजू, शिक्के, समासातली शाई, सगळे यावे. कागद फाटका असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नये आणि मूळ कागदाचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उष्णतेने शाई आणि शिक्का बिघडू शकतो आणि ते परत सोडवता येत नाही.

फाईलला मोबाईलने दिलेले लांबलचक आकड्यांचे नाव तसेच ठेवू नये. नाव, कागदाचा प्रकार, साल या क्रमाने लिहावे. उदाहरणार्थ ‘आजोबा-शाळेचा दाखला-१९४६’. दहा वर्षांनी नातवाला हाच पत्ता उपयोगी पडेल. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या सरकारच्या डिजिलॉकरमध्येही खाते काढून ठेवावे. मात्र तिथे सरकारी खात्यांनी दिलेले नवे दाखले थेट मिळतात. १९५० पूर्वीचा जुना कागद आपला आपल्यालाच सांभाळायचा आहे.

प्रतींचा हिशेब सोपा आहे. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या वस्तूंवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. संगणकात एक, पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि धुळ्याला किंवा नाशिकला राहणाऱ्या बहिणीकडे तिसरी. एका घराला आग लागली, पूर आला, चोरी झाली तरी वंशावळ शाबूत राहील.

न विसरणारा पहारेकरी

प्रत काढायला माणूस विसरतो. यंत्राला एकदा नीट सांगितले की ते विसरत नाही. लिनक्समध्ये अशा सांगण्याला स्क्रिप्ट म्हणतात. म्हणजे काय? आई बाजाराला जाताना पोरीला चिठ्ठी लिहून ठेवते, ‘आधी दूध तापव, मग भांडी आवर, मग अभ्यासाला बस’. तशीच यंत्रासाठी एकाखाली एक लिहिलेली चिठ्ठी.

आपली चिठ्ठी चार कामांची. पहिले, बाहेरची डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते पाहा; नसेल तर थांब आणि तसे सांग. हे काम नवशिके गाळतात. मग डिस्क नसताना यंत्र त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे स्वतःच्याच पोटात, प्रत काढत बसते आणि घरचे लोक निर्धास्त राहतात. दुसरे, आजच्या तारखेचा फोल्डर तयार कर. तिसरे, आरसिंक या आज्ञेने कागदांचा फोल्डर त्यात उतरव. चौथे, काम कधी झाले त्याची एक ओळ वहीवजा फाईलमध्ये लिहून ठेव.

तारखेचा फोल्डर कशाला? आरसिंकला ‘तिकडे जादा असेल ते पुसून टाक’ असेही सांगता येते. ते सांगितले आणि इथला दाखला कोणी खोडला, तर रविवारी तिथलाही खोडला जाईल. तारीखवार प्रती असल्या की मागच्या आठवड्याचा दाखला सापडतो. ही चिठ्ठी कधी वाचायची ते क्रॉन नावाच्या घड्याळाला सांगावे. ज्या वेळी यंत्र हमखास चालू असते अशी वेळ द्यावी, जसे दर रविवारी संध्याकाळी सात. बंद यंत्राला क्रॉन जागे करत नाही.

आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादी फाईल उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली मजुरी.

विहारातला संगणक

प्रत्येक घराला संगणक झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एका विहाराला, एका अभ्यासिकेला, एका बचत गटाला एक यंत्र झेपते. भीमजयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीचा डीजे कमी केला तर त्यातून यंत्रही येईल आणि एसएसडीही येईल.

सामाईक यंत्राला मात्र शिस्त हवी. प्रत्येकाचे वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड असावा. मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे असावा, त्यांपैकी एक महिला असावी. कोणाच्याही घरचे कागद सामाईक डिस्कवर उघडे ठेवू नयेत. ज्याने त्याने आपल्या पेन ड्राईव्हवर ठेवावे आणि काम झाले की खात्यातून बाहेर पडावे. लिनक्समध्ये पेन ड्राईव्हला पासवर्डचे कुलूपही घालता येते, पण असा ड्राईव्ह विंडोजच्या यंत्रावर सहजी उघडत नाही आणि पासवर्ड विसरला तर कोणालाच उघडत नाही, हे ध्यानात ठेवावे. आधारची प्रत द्यावी लागली तर जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी, आणि अंगठ्याच्या ठशाला आधारच्या संकेतस्थळावरून कुलूप लावून ठेवावे.

मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, आणि ती दिवेलागणीच्या आधीची असावी. नाहीतर मुलगे यंत्राला चिकटून बसतात आणि मुली दारातून परततात. स्क्रू पिळणे, रॅम बसवणे, चिठ्ठी लिहिणे यांत मुलगा-मुलगी असा भेद नाही. आमच्या मायभगिनींनीही एकदा खोके उघडून पाहावे. शिवणयंत्राला तेल घालणाऱ्या हाताला यात अवघड काही नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिष्यवृत्तीची मागणी होती, आणि आमच्या मुलांना सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी होती. छापखाना आणि रेल्वे ही त्या काळची सर्वात पुढची यंत्रे. यंत्रापुढे आमच्या पोराने फक्त झाडू घेऊन उभे राहू नये, ते यंत्र त्याने चालवावे, हा त्यामागचा हेतू होता. १९४४ साली सुरू झालेली ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज महाडीबीटीच्या पडद्यावर मागावी लागते. तो पडदा आमच्या मुलीच्या बोटाखाली असावा आणि तिला लागणारा पणजोबांचा दाखला तिच्याच हाती असावा.

येत्या रविवारी पेटी उघडा. कागद मोजा. वस्तीत कोणाच्या माळ्यावर बंद पडलेला संगणक आहे का, विचारा. बाकीचे काम तरुण पोरापोरींवर सोपवा, ते करतील.

जयभीम!